गाजराची राखण मेच्या उन्हापासून

गाजराचं बी आपण टाकतो दसरा-दिवाळीच्या आगेमागे, पण किडीचा बंदोबस्त सुरू करायचा तो मे महिन्यात, वाफा रिकामा पडलेला असताना. पहिली दोन वर्षं मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. घरामागे १० फूट लांब आणि ४ फूट रुंद असे तीन वाफे आहेत. माती काळी, भारी. कुंपणापलीकडे लगेच पऱ्हाटी (म्हणजे कपाशी) आणि तूर. पहिल्या वर्षी निम्मी गाजरं हुमणीनं, म्हणजे मातीतल्या जाड पांढऱ्या अळीनं, पोखरलेली निघाली. दुसऱ्या वर्षी हिरवीगार उगवलेली रोपं एका आठवड्यात ओळीनं आडवी झाली. त्यानंतर मी शिकत गेले, आणि आता जानेवारीत नातेवाइकांना वाटून उरतील इतकी गाजरं निघतात. ज्यांनी यंदा पहिल्यांदाच परसबागेत गाजर लावायचं ठरवलंय, त्यांच्यासाठी हे सगळं कामाच्या क्रमानं लिहीत आहे.

आधी कीड ओळखा

मोबाईलवर गाजराच्या किडी शोधल्या की पहिलं नाव येतं गाजरमाशीचं. ब्रिटन, युरोप, उत्तर अमेरिका, न्यूझीलंड अशा थंड मुलखात ही माशी मोठी नुकसानकारक आहे. ती जमिनीलगत उडते, म्हणून तिकडचे लोक वाफ्याभोवती दोन फूट उंचीचा आडोसा उभारतात. त्यांच्यासाठी तो उपाय खरा आहे. पण आपल्याकडे ऑक्टोबरची उकाड्याची हवा, तापलेली काळी माती आणि शेजारी कपाशी. आपल्या वाफ्यात येणारे पाहुणे वेगळे आहेत, आणि आडोशानं त्यातले बरेचसे थांबत नाहीत.

जमिनीखाली हुमणी आणि वाळवी. जमिनीच्या पृष्ठभागावर, रात्री, रोपं कुरतडणारी अळी. ओल जास्त असली तर वाणी, म्हणजे पुष्कळ पायांचा पैसा किडा. पाल्यावर मावा, तुडतुडे आणि पानं खाणारी अळी, म्हणजे सोयाबीनवर येणारी तीच तंबाखूवरची अळी. पेरल्या-पेरल्या बी वाहून नेणाऱ्या मुंग्या वेगळ्याच. एवढ्यांची ओळख असली की बहुतेक काम भागतं.

आणि एक महत्त्वाचं. गाजरात दिसणारा प्रत्येक दोष किडीचा नसतो. गाजराला दोन-तीन पाय फुटले असतील तर खाली ढेकूळ, खडा किंवा कच्चं शेण आहे. उभी चीर पडली असेल तर पाणी कधी तुटलं, कधी एकदम भरपूर मिळालं. माथा हिरवा झाला असेल तर तो उन्हात उघडा राहिला. मुळांवर गाठी गाठी असतील तर सूत्रकृमी आहेत. ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि वांगी, टोमॅटो, भेंडी यांच्या जागेवर गाजर लावलं की हमखास भेटतात. यातल्या कशालाही फवारणी लागत नाही. आमच्या गटातल्या एका ताईंनी फाटे फुटलेली गाजरं बघून दोनदा औषध मारलं होतं. दोष त्यांच्या वाफ्यातल्या ढेकळांचा होता.

मे : उन्हाला काम द्या

आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो. या उन्हासारखं स्वस्त औषध नाही. ज्या वाफ्यात गाजर लावायचंय तो एप्रिलअखेर टिकावानं फूटभर खोल खणून ठेवा. ढेकळं उलटी पडू द्या. आत दडलेले कोष आणि अळ्या वर येतात, काही उन्हानं मरतात, काही साळुंक्या आणि बगळे टिपतात. शेतातली उन्हाळी नांगरट याचसाठी असते, फक्त परसबागेत आपण ती करायचं विसरतो.

गाठींचा त्रास झालेला असेल तर एक पायरी पुढे जा. माती बारीक करून वाफा सपाट करा, चांगलं पाणी द्या, आणि ओल्या मातीवर पातळ, पारदर्शक पॉलिथिन ताणून अंथरा. कडा मातीत गाडा, कुठूनही वाफ बाहेर जायला नको. चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. काळं प्लास्टिक वापरू नका. पारदर्शक कागदाखालीच माती जास्त खोलवर तापते. माती कोरडी असताना अंथरलं तर उष्णता खाली उतरत नाही, म्हणून आधी पाणी हवंच. मी एका वाफ्यात हे केलं, शेजारच्या वाफ्यात केलं नाही. त्या वर्षीचा फरक पाहिल्यावर आता तिन्ही वाफ्यांत आलटून-पालटून करते.

जून-जुलै : निंबोळ्या वेचा

पहिला पाऊस पडला की संध्याकाळी तांबूस-तपकिरी भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बोर, बाभूळ यांच्या फांद्यांवर पाला खायला बसतात. हेच हुमणीचे आईबाप. अंधार पडल्यावर झाडाखाली जुनी चादर अंथरा, काठीनं फांदी हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्यात टाका. एका मादीनं मातीत अंडी घालण्याआधी ती सापडली तर पुढच्या कितीतरी अळ्या टळतात. हे काम एकट्याच्या वाफ्यापुरतं करून फार उपयोग नाही, गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून सलग आठ-दहा संध्याकाळी करावं.

याच दिवसांत कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. हिवाळ्यात लागणारं औषध तेव्हाच गोळा करायचं. निंबोळ्या पाण्यात चोळून गर काढा, बिया सावलीत खडखडीत वाळवा आणि सुती पिशवीत किंवा पोत्यात ठेवा. प्लास्टिकच्या डब्यात बुरशी धरते आणि बुरशी धरलेली निंबोळी कामाची नाही. दोन किलो वाळल्या बिया एका घराच्या परसबागेला वर्षभर पुरतात. गेल्या वर्षीच्या उरलेल्या बियांवर भिस्त ठेवू नका, त्यांचा गुण उतरलेला असतो.

पोळ्यानंतर : वाफा भरणं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण “इडा पिडा घेऊन जाय गे मारबत” म्हणत रोगराई गावाबाहेर काढतो. मी त्या दिवसापासूनच खताचं बघायला लागते.

शेणखताबद्दल मी सगळ्यांत जास्त बोलणार आहे, कारण माझं पहिलं वर्ष त्यानंच घालवलं. उकंड्यावरून चार टोपली शेण आणलं, वरून काळं दिसत होतं, आत ओलं आणि उष्ण होतं. शेजारचे आबाजी कुंपणावरून बघत होते. म्हणाले, “काय करून राह्यली व बाई? हे तं कच्चं शेन हाय. यानं हुमणी येते.” मी ऐकलं, पण वेळ नव्हता म्हणून टाकलं. डिसेंबरात पाला पिवळा पडलेली रोपं उपटली तेव्हा गाजराला बोगदा आणि बोगद्यात इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी.

खत पूर्ण कुजलेलं म्हणजे कसं, हे हातानं कळतं. मूठभर दाबलं तर भुरभुरीत सुटतं, शेणाचा वास येत नाही, मातीचा येतो, आणि आत हात घातला तर ऊब लागत नाही. असं खतसुद्धा रेती चाळायच्या मोठ्या चाळणीतून चाळून घ्या. जाड पांढऱ्या अळ्या सापडतील. त्यातल्या काही खतातच राहणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या असतात आणि गाजराचं काही बिघडवत नाहीत, पण नवख्या माणसानं भेद करत बसू नये. सगळ्या वेचून कोंबड्यांना घालाव्यात.

काळ्या मातीत गाजर सरळ जात नाही, म्हणून वाफा जमिनीपेक्षा फूटभर उंच करा. माझं प्रमाण असं आहे: दोन टोपली माती, एक टोपली नदीची रेती, एक टोपली चाळलेलं खत. १० बाय ४ फुटांच्या वाफ्यात पाव ते अर्धा किलो निंबोळी पेंड वरच्या वीतभर मातीत मिसळते. हुमणी, वाळवी आणि सूत्रकृमी तिघांनाही पेंड नकोशी असते. कृषी विज्ञान केंद्रात मेटारायझियम नावाची बुरशी मिळते, तीही चाळलेल्या ओलसर खतात कालवून याच वेळी देता येते. ती हुमणीच्या अंगावर वाढून तिला मारते. उन्हात ती टिकत नाही, संध्याकाळी द्या आणि लगेच मातीआड करा.

रेती टाकण्याचा किडीशी काय संबंध, असं कोणी विचारेल. काळी माती वाळली की भेगा पडतात आणि त्या भेगा थेट गाजरापर्यंत जातात. भुंगे, वाळवी, वाणी यांना ती उघडी वाटच आहे. रेती आणि खत असलेली माती फाटत नाही.

राख? आपल्याकडे किडीवर राख टाकायची सवय जुनी आहे. चिमूटभर पाल्यावर चालते. वाफ्यात टोपलीनं मात्र टाकू नका. काळी माती मुळातच विम्लतेकडे (आम्लाच्या उलट बाजूला) झुकलेली असते, राखेनं ती आणखी बिघडते.

पेरणी

आमच्याकडे सप्टेंबरात पेरलेल्या वाफ्याला अळी जास्त लागते, हवा अजून गरम असते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत पेरा. लाल गाजर हवं असेल तर पुसा रुधिरा किंवा पुसा केसर आपल्या हवेत जमतं. नान्तीससारख्या केशरी जातींना थंडी जास्त लागते, त्या नोव्हेंबरात.

अशा एका वाफ्याला ५ ग्रॅम बी पुरे. बारीक रेतीत मिसळून, फूटभर अंतराच्या ओळींत, अर्धा इंच खोल टाका. उगवायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि तेवढ्यात मुंग्या बी पळवतात. ओळी झाकल्यावर वर ओलं, जुनं सुती धोतर किंवा लुगडं अंथरा आणि त्यावरूनच झारीनं पाणी द्या. ओल टिकते, मुंग्या कमी फिरकतात. पहिले हिरवे दोरे दिसले त्या संध्याकाळी कापड काढा, एक दिवसही उशीर नको, नाहीतर रोपं पिवळी आणि लांबट होतात.

कापड काढलं की जाळी. गाजराचं आपण मूळ खातो, फळ नाही, त्यामुळे परागीकरणासाठी मधमाशी आत यायची गरज नसते. भोपळ्याला हे करता येत नाही, गाजर मात्र पेरणीपासून काढणीपर्यंत झाकून ठेवता येतं. बांबूच्या कमच्या कमानीसारख्या वाकवून तीन-तीन फुटांवर रोवा, वर कीडरोधक जाळी टाका, कडा मातीत दाबा किंवा विटा ठेवा. ४० मेशची, म्हणजे इंचाला चाळीस छिद्रांची, जाळी विकत घेणं परवडलं तर उत्तम. मी पहिल्यांदा घरातली फाटकी मच्छरदाणी शिवून वापरली होती. तिनं पतंग आणि भुंगे अडतात, मावा मात्र छिद्रांतून शिरू शकतो, हे लक्षात ठेवा. आणि जाळी टाकण्याआधी वाफ्यात अळी नाही याची खात्री करा, नाहीतर आपणच तिला पक्ष्यांपासून वाचवतो.

कुंपणाच्या कडेनं दोन-चार एरंडी लावा. पानं खाणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला एरंडीचं पान आधी निवडतो. पानाच्या मागे तपकिरी लवेनं झाकलेला अंड्यांचा पुंजका दिसला किंवा पान चाळणीसारखं झालेलं दिसलं की ते पानच तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. एरंडी लावून तिच्याकडे बघायचंच नाही असं झालं तर मात्र आपण अळीची पैदास करून ठेवतो. वाफ्याच्या टोकाला झेंडू आणि थोडी कोथिंबीर फुलोऱ्यावर येऊ द्या. झेंडूच्या मुळांनी सूत्रकृमी कमी होतात, कोथिंबिरीच्या फुलांवर मित्रकीटक येतात.

पहिला महिना : बॅटरी घेऊन वाफ्यावर

रोप करंगळीएवढं होईपर्यंतचे दिवस सगळ्यांत नाजूक. सकाळी एखादं रोप जमिनीलगत कापून आडवं पडलेलं दिसलं तर हळहळत बसू नका, त्याच रोपाभोवतीची इंच-दोन इंच माती बोटांनी उकरा. काळपट राखाडी, तेलकट अंगाची अळी वेटोळं करून बसलेली सापडेल. ती दिवसा लपते, रात्री बाहेर येते आणि एका रात्रीत बरीच रोपं पाडते. म्हणून रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन एक फेरी मारा. पंधरा मिनिटं पुरतात. दिवसा वाफ्यावर काही दिसत नाही म्हणून फवारणी करणाऱ्यांची सगळी फवारणी वाया जाते, कारण अळी तेव्हा मातीत झोपलेली असते.

रात्री जायला जमत नसेल तर संध्याकाळी निंदलेल्या ओल्या गवताचे ओंजळभर ढीग ओळींच्या मधे ठेवा. पहाटे अळ्या त्याखाली जमतात. वाणीही तिथेच गोळा होते. ऊन चढायच्या आत ढीग उचलून झटका. हे ढीग दिवसभर तिथेच विसरले तर त्यांच्यासाठी घर झालं.

तीन-चार आठवड्यांनी विरळणी. दोन रोपांत तीन इंच अंतर ठेवा. दाटीत हवा खेळत नाही आणि मावा धरतो. संध्याकाळी उपटा, नंतर पाणी द्या म्हणजे हललेली मुळं बसतात. उपटलेला पाला वाफ्यात पडू देऊ नका. त्याच वेळी माथ्याला माती लावा.

थंडी, ढग आणि मावा

डिसेंबर-जानेवारीत दोन दिवस आभाळ भरून आलं की मावा वाढतो. आधी मुंग्या दिसतात. देठावर मुंग्यांची ये-जा सुरू झाली म्हणजे वर मावा आहे, त्याचा गोड चिकटा खायला त्या येतात. पान उलटून बघा.

पहिला उपाय पाणी. सकाळी झारीनं किंवा पंपानं जोरात पाणी मारलं की निम्मा मावा खाली पडतो आणि परत चढत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेवढ्यानं भागलं नाही तर निंबोळी अर्क.

अर्क ५ टक्के करायचा, म्हणजे एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळी पावडर. वाळल्या बिया खलबत्त्यात कुटा, पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधा आणि रात्रभर थोड्या पाण्यात भिजत ठेवा. सकाळी पुरचुंडी पिळत राहा. पाणी दुधासारखं पांढरट सुटतं, ते सुटेनासं झालं की थांबा. गाळा, एकूण पाणी हिशेबाइतकं भरा, लिटरला २ ग्रॅम कपड्याचा साबण विरघळवून टाका म्हणजे अर्क पानाला धरतो. फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं. उन्हात या अर्काचा गुण लवकर जातो. केलेला अर्क त्याच दिवशी संपवा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. किडी लगेच मरून पडलेल्या दिसणार नाहीत. त्यांचं खाणं मंदावतं, कात टाकणं बिघडतं, पिढी वाढत नाही. तीन दिवस थांबायची तयारी हवी.

फवारण्याआधी पाल्यात एक प्राणी शोधा: काळा, लांबट, सहा पायांचा, पाठीवर नारिंगी ठिपके, लहानशा मगरीसारखा. बघून कीडच वाटते. मी एका सकाळी असे वीस-पंचवीस चिरडले आणि आठवड्यात मावा दुप्पट झाला. ती ढालकिड्याची अळी होती, मावा खाऊन जगणारी. त्या दिवसाची खंत अजून आहे. देठावर केसासारख्या दांड्यावर टेकलेली पांढरी अंडी दिसली तर तीही सोडून द्या, ती क्रायसोपाची, म्हणजे मावा खाणाऱ्याच आणखी एका मित्रकीटकाची. हे दोघे वाफ्यात असतील तर फवारणी चार दिवस पुढे ढकला, बहुधा लागणारच नाही.

तुडतुड्यांसाठी पत्र्याच्या तुकड्याला पिवळा रंग देऊन वर एरंडेल फासा आणि पाल्याच्या उंचीवर लावा. एखाद्या झाडाचा पाला पिवळा-तांबडा पडून माथ्यावर बारीक फुटव्यांचा झुबका आला आणि मुळाला पांढऱ्या केसांसारखी मुळं सुटली, तर तो तुडतुड्यांनी आणलेला रोग आहे. त्यावर औषध नाही. ते झाड लगेच उपटून जाळा.

वाळवी पाणी तुटलं की येते. माती ओलसर ठेवा, वाफ्यात पऱ्हाटी किंवा तुरीच्या काड्या आच्छादन म्हणून घालू नका, आणि बांबूच्या कमच्यांवर मातीची बारीक नळी चढताना दिसली तर कमची बदला, बुडाशी निंबोळी पेंड टाका.

ती बाटली

आपल्या बहुतेक घरांत पऱ्हाटीवर मारून उरलेली एखादी बाटली गोठ्यात असते. “दोन झाकणं टाक, काय होते?” असं कोणीतरी म्हणतंच. टाकू नका. कपाशी आपण खात नाही. गाजर मुलं वाफ्यातून उपटून, ओढणीला पुसून तिथल्या तिथे खातात. आंतरप्रवाही औषध झाडाच्या अंगात भिनतं, ते धुऊन जात नाही. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरायला आपल्या देशात कितीतरी वर्षांपासून बंदी आहे, तरी ते गावात सहज हाताशी येत राहिलं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. आम्ही त्या बातम्या इथे बसून ऐकल्या, काही घरं ओळखीची होती. ते विष चार फुटांच्या वाफ्यात, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आणायचं काही कारण नाही. चार गाजरं किडकी निघाली तर निघू द्या.

काढणी

पेरणीपासून ७५ ते १०० दिवसांत गाजर तयार होतं. “अजून जाड होऊ दे” म्हणून फेब्रुवारीच्या उन्हापर्यंत ठेवलं की ते दांडरतं, चिरतं, आणि चिरेतून वाळवी आत जाते. गेल्या काही वर्षांत मी एकदम पेरत नाही, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं एकेक वाफा पेरते, म्हणजे काढणीही पुढे-मागे होते आणि काहीच जमिनीत पडून राहत नाही.

काढताना आदल्या संध्याकाळी पाणी द्या. भोक पडलेली गाजरं वेगळी काढा, तिथेच चिरून बघा. आत अळी असेल तर तो तुकडा उकंड्यावर टाकू नका, तिथून ती पुढच्या वर्षी खताबरोबर परत येईल. साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका किंवा कोंबड्यांपुढे. उरलेला चांगला भाग हलव्याला चालतो. वाफा रिकामा झाला की त्यात वांगी, टोमॅटो किंवा पुन्हा गाजर घेऊ नका. मेथी किंवा पालक पेरा, आणि एप्रिलअखेर तो मोकळा होईल एवढंच बघा.